सरस्वतीकाठचा जावई

नावन, ११ एप्रिल २०२०

मुक्ताने ही वही हातात दिली आणि म्हणाली, "आई, मी कॉलवर असताना तुला काही आठवलं, तर यात लिहून ठेव. मग निवांत सांग." म्हणजे आईच्या तोंडावर वहीचं झाकण. असो. पार्ल्याच्या शाळेत जन्मभर संस्कृत शिकवलं, लिहिण्याचा मला कंटाळा नाही.

फेब्रुवारीत आले तेव्हा तीन महिन्यांचा बेत होता. आता विमानं बंद, दुकानं बंद, घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही. डब्लिनपासून तासाभरावरचं हे गाव तसं बरं आहे. एकसारखी घरं, एकसारखी दारं, आणि भेटेल तो माणूस "ग्रँड" म्हणतो. हवा ग्रँड, चहा ग्रँड, मरणाचं बोलणं निघालं तरी ग्रँड.

आज झालं ते मात्र ग्रँड नव्हतं. मुक्ताने मला सांगितलं होतं की तिहोमिर हा तिचा भाडेकरू. क्रोएशिया देशाचा. इथल्या हॉस्पिटलात एक्स-रे काढतो, बहुतेक रात्रपाळी असते, जिन्याजवळच्या लहान खोलीत राहतो. परदेशात असं चालतं, म्हणून मी काही बोलले नाही. आज इस्त्री शोधायला ती खोली उघडली. आत इस्त्रीची फळी, सायकल, रिकामी खोकी. पलंग नाही. गादीसुद्धा नाही.

मुक्ता वर कॉलवर होती. मी जाऊन लॅपटॉप मिटला.

"हा मुलगा झोपतो कुठे?"

"आई, प्लीज."

"कुठे झोपतो?"

"दोन वर्षं झाली, आई. मी सांगणारच होते."

दोन वर्षं! आणि मी त्याला भाडेकरू समजून जिन्यावरचे बूट उचलायला सांगत होते. तो बिचारा उचलतही होता.

१६ एप्रिल

बोलणं बंद आहे. जेवण करून ठेवते, ते जेवतात.

मला त्या मुलाचा राग नाही. प्रश्न पार्ल्याचा आहे. यांचे धाकटे भाऊ सुभाषभावोजी आमच्या ज्ञातिमंडळाचे अध्यक्ष. हे गेल्यापासून घरातलं कोणतंही कार्य त्यांना विचारल्याशिवाय झालेलं नाही. त्यांना काय सांगू? सारस्वताच्या मुलीने कुठल्या कोण म्लेच्छाशी संसार मांडलाय आणि मी तिथे पोळ्या लाटतेय?

नकाशात क्रोएशिया पाहिला. इटलीसमोर, समुद्राच्या काठाने वाकलेला. समुद्र आहे म्हणजे मासे तरी खात असतील.

३ मे

आज इतका आनंद झालाय की अक्षर वाकडं येतंय.

तिहोमिरचं आडनाव होर्वात. काल मी उगाच विचारलं, याचा अर्थ काय? तो म्हणाला (आमचं बोलणं इंग्रजीत होतं, मी मराठीत लिहितेय), "होर्वात म्हणजे क्रोएट. आमच्या देशात सगळ्यात जास्त लोकांचं हेच आडनाव." त्यांच्या भाषेत ते स्वतःला ह्रवात म्हणवतात. ह्रवात! माझ्या डोक्यात काहीतरी वाजलं. आज दिवसभर मुक्ताच्या जुन्या टॅबवर वाचत बसले.

इराणच्या दारयवहू राजाच्या शिलालेखात हरउवतिश नावाचा प्रांत आहे. आजचं कंदाहार. अवेस्तेत तेच नाव हरह्वैती. आणि आपल्या 'स'चा इराण्यांकडे 'ह' होतो, हे मी आठवीच्या पोरांना घोकून घेतलंय: सप्त-हप्त, सिंधू-हिंदू. तेव्हा हरह्वैती म्हणजे सरस्वती! डॉन नदीच्या मुखाशी सापडलेल्या ग्रीक शिलांवर होरोआथोस असं नावही आहे, म्हणजे वाटेतला मुक्काम मिळाला. पुढे कार्पेथियन डोंगर, आणि सातव्या शतकात समुद्रकाठ.

एका नदीवरून निघालेले दोन प्रवाह. एक कोकणात उतरला, तो आम्ही सारस्वत. दुसरा एड्रियाटिकला, ते क्रोएट. दोघेही मासे खातात.

बहुतेक विद्वान हे मानत नाहीत, असंही तिथे लिहिलंय. बहुतेक विद्वानांना संस्कृत येत नाही.

संध्याकाळी तिहोमिरला म्हटलं, "बस. मी वाढते." मुक्ता माझ्याकडे बघतच राहिली.

९ जून

मुलगा गुणी आहे. हॉस्पिटलात दिवसाला किती तरी माणसं मरताहेत, हा त्यांच्या छातीचे फोटो काढून येतो, आंघोळ करतो आणि माझ्यासाठी कांदा चिरतो. मला "मामा" म्हणायचा. त्यांच्याकडे आईला मामा म्हणतात. मी सांगितलं, आमच्याकडे मामाला मिशी असते, तू आई म्हण. आता "आई, जेवलात?" एवढं मराठी येतं.

मुक्ता म्हणते, तो हॉस्पिटलातून येतो, जरा लांब बस. कसलं लांब? काल त्याच्याच ताटातली बटाट्याची फोड उचलून मी मीठ बघितलं. आपल्या माणसाचं कसलं आलंय.

रंगही आपल्यासारखाच गव्हाळ. क्रोएट गोरे असतात असं म्हणतात. पण मूळ रंग कुठेतरी उरणारच.

२ जुलै

रोज फिरायला जाताना एक बाई भेटते. यास्ना. क्रोएशियातल्या ओसियेकच्या शाळेत इतिहास शिकवत होती, आता लेकाकडे आलीय. आम्ही दोघी निवृत्त मास्तरणी, दोघींचं इंग्रजी मोडकं, त्यामुळे छान जमतं. तिला माझा सिद्धांत सांगितला. ती थांबली आणि पोट धरून हसली.

"विजया, मी शाळेत होते तेव्हा आम्ही स्लाव्ह होतो. सर्ब, स्लोव्हेन, सगळे भाऊ भाऊ. मग युद्ध झालं. तेव्हा अचानक आम्ही इराणी झालो. माझा सासरा म्हणायचा, आपण गॉथ. काही म्हणतात, स्लाव्ह यायच्या आधीपासून त्या डोंगरांत राहणारे इलिरियन तेच आपण. आमच्याकडे दर राजवटीला नवे आजोबा मिळतात."

"पण खरं काय?"

"खरं? भाषा स्लाव्ह. रक्तात डोंगरातलं थोडं, उत्तरेचं बरंच. एका बायझंटाइन सम्राटाने लिहून ठेवलंय, पाच भाऊ आणि दोन बहिणी लोकांना घेऊन आल्या. बहिणींची नावं तुगा आणि बुगा."

पाच भाऊ! ऋग्वेदातले पंचजन! हिला इतिहास येतो, पण जोडता येत नाही.

१९ ऑगस्ट

भावोजींना फोनवर सगळं सांगितलं. आधी नदी सांगितली, मग दारयवहू, मग शिला, आणि शेवटी मुक्ता. ते म्हणाले, "वहिनी, हे मंडळासमोर मांडा. झूमवर. विषय नवा आहे. आणि लोकांना एकदा पटलं की बाकीचं आपोआप पटेल."

हेच मला हवं होतं. मुक्ताला सांगितलं तेव्हा ती डोळे पुसत हसली. म्हणाली, "तू एवढं सगळं आमच्यासाठी करतेयस?" मग म्हणाली, "आई, तो क्रोएट नसता तरी मला चालला असता हं."

तिला चालेल. जगाला चालवून दाखवावं लागतं.

११ सप्टेंबर

आज पुरावा चालत घरात आला. तिहोमिर स्वयंपाकघरात डाळ उकळत होता. भांडं उतू जायला लागलं आणि तो स्वतःशीच म्हणाला, "पानी, पानी."

मी उडालेच. "काय म्हणालास?"

"काही नाही."

"पानी म्हणालास! पाणी! हा क्रोएट शब्द आहे?"

तो पांढरा पडला. मला वाटलं, चटका बसला. मग म्हणाला, "आजी म्हणायची. जुना शब्द आहे. आता कुणी वापरत नाही."

"आणखी काय म्हणायची?" मी नाक दाखवलं. त्याने मुक्ताकडे पाहिलं. मुक्ता कौतुकाने हसत होती. "नख," तो म्हणाला. डोळा? "यख." माणूस? "मानुष." मानुष! माझे डोळे भरून आले. हे त्याच्या खेड्यात टिकलंय, हंगेरीच्या सीमेजवळ, शहरं विसरली आणि एका म्हातारीने जपलं. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. पोराचं अंग थरथरत होतं. त्यालाही आपलं मूळ सापडलं की असं होणारच.

१३ सप्टेंबर

यास्नाला शब्द सांगितले. आज ती हसली नाही. "पाण्याला आम्ही वोदा म्हणतो. हे शब्द तुला कुणी सांगितले?"

"माझ्या जावयाने. त्याच्या आजीचे."

"कुठलं गाव त्याचं?"

मी गाव सांगितलं. ती "हं" म्हणाली आणि पुढचा रस्ता आम्ही हवेबद्दल बोललो. मत्सर, दुसरं काय. जन्मभर इतिहास शिकवला आणि तिला न मिळालेले शब्द मला मिळाले.

४ ऑक्टोबर

डीएनएची चाचणी मागवली. गालाच्या आतून बोळा फिरवून पाठवायचा. तिहोमिर नको म्हणाला. "आई, नदी पुरे आहे. रक्त कशाला?"

"भाषेवर लोक वाद घालतात. रक्तावर घालणार नाहीत."

तो वर निघून गेला. मुक्ताला मी म्हटलं, माझं एवढं एक ऐकायला सांग त्याला. ती गेली. दाराआडून बोलणं ऐकू येत होतं, "तिचं मन राख ना, प्लीज, ती आपल्यासाठीच करतेय." खाली आला तेव्हा बोळा फिरवून डबीत घातलेला होता. माझ्याकडे बघितलं नाही. डबी मी स्वतः पोस्टात टाकली. निकाल माझ्याच ईमेलवर येईल असं केलंय. तो उघडणारच नाही, आळशी आहे.

२४ नोव्हेंबर

आला! एकतीस टक्के दक्षिण आशिया!! बापाकडून येणारी रेषा 'एच' नावाची, तिचं मूळ भारतात.

कुणाला सांगितलं नाही. रविवारी व्याख्यानातच सांगणार. मुक्तालाही नाही. तिचा चेहरा बघायचाय मला.

२९ नोव्हेंबर

लिहायला हवं म्हणून लिहितेय.

झूमवर चौसष्ट माणसं होती. भावोजींनी प्रास्ताविक केलं. मी मुक्ता आणि तिहोमिरला माझ्या शेजारी बसवलं होतं, त्याला सुरवार-कुर्ता घालून. यास्नालाही बोलावलं होतं, तिच्या लेकाकडून जोडली गेली. मी इंग्रजीतच बोलले, तिला कळावं म्हणून. नदी, दारयवहू, शिला, पाच भाऊ. सगळं पाण्यासारखं गेलं. मग म्हटलं, "आता शब्दाचा नव्हे, रक्ताचा पुरावा," आणि निकाल पडद्यावर ठेवला.

टाळ्या वाजल्या. तिहोमिर उठायला लागला, मी त्याचा दंड धरून बसवलं. "हे बघा, एकतीस टक्के! हा आपला आहे."

यास्नाच्या चौकोनाला हिरवी कड आली. "माफ करा," ती म्हणाली. "मी गप्प बसणार होते. पण आमच्या लोकांबद्दल चुकीचं सांगितलं जातंय. क्रोएट माणसात हे नसतं. तिथल्या कुणालाही हा कागद दाखवा. हा मुलगा क्रोएट नाही. जिप्सी आहे. ते शब्द आमच्या भाषेतले नाहीत, त्यांचे आहेत."

तेवढ्यात पार्ल्याहून कुणाचातरी आवाज आला, माईक बंद करायचा राहिलेला: "जिप्सी म्हणजे ते डोंबारीच ना गं?" आणि कुणीतरी हसलं.

भावोजी म्हणाले, "वहिनी, आपण इथेच थांबू या."

मी काय करायला हवं होतं? चौसष्ट माणसं बघत होती. मी म्हटलं, "मला हे ठाऊक नव्हतं. माझी फसवणूक झालेली आहे." आणि खुर्ची बाजूला सरकवली. तेवढी की चौकोनात तो दिसू नये.

३० नोव्हेंबर

शब्दकोशात पाहिलं. ते स्वतःला रोम म्हणवतात. रोम म्हणजे डोम. संस्कृतात डोम्ब. हजार वर्षांपूर्वी भारतातून गेले, दोरीवर नाचत, लोखंड ठोकत, हात बघत. ड चा र होतो, मीच शिकवलंय.

यास्ना खरं बोलली. खऱ्या क्रोएटांत 'आय' आणि 'आर' या रेषा असतात, डोंगरातली आणि स्लाव्हांची. माझा सिद्धांत त्यामुळे चुकत नाही. नमुना चुकला.

१ डिसेंबर

काल दुपारी ते दोघं बोलत होते, स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं.

"दोन वर्षांत एकदाही नाही सांगितलंस," मुक्ता म्हणाली.

"शाळेत आमचा वर्ग वेगळा होता, मुक्ता. मध्ये नुसता पडदा नव्हता, इमारतच वेगळी होती. झाग्रेबला शिकायला गेलो तेव्हा गावाचं नाव बदलून सांगायचो. इथे आलो आणि पहिल्याच दिवशी वॉर्डातली नर्स म्हणाली, हा आपला क्रोएट. मला कुणी आयुष्यात पहिल्यांदा क्रोएट म्हणत होतं. मी ते कसं सोडणार?"

"मला सांगायचं. मला!"

"पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर आली असतीस?"

उत्तर द्यायला तिला वेळ लागला. "हो" म्हणाली, पण वेळ लागला. त्यानेही तो मोजला असणार.

शेवटी मुलगी माझीच आहे.

४ डिसेंबर

कोरोना वाढतोय. हा रोज हॉस्पिटलातून येतो, तेव्हा खबरदारी घ्यायलाच हवी. त्याचं ताट, वाटी, पेला वेगळा काढला. सिंकखालच्या प्रेसमध्ये ठेवला. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. त्याने उघडून पाहिलं. एप्रिलमध्ये याहून जास्त माणसं मरत होती, असं तो म्हणाला. हळूच म्हणाला, भांडल्यासारखं नाही. मी म्हटलं, तेव्हा एवढी माहिती नव्हती.

त्याने त्याच ताटात वाढून घेतलं, उभ्याने जेवला, ताट घासलं आणि परत सिंकखाली ठेवलं.

८ डिसेंबर

गेला. हॉस्पिटलजवळ एका खोलीत राहणार म्हणे, काही दिवस. मुक्ताला थोडा वेळ हवाय. सायकल नेली. यास्नाने तिच्या लेकाला सांगितलं, लेकाने इथल्या क्रोएट फुटबॉल मंडळीत सांगितलं. आता त्यांनीही त्याला खेळायला बोलावणं बंद केलंय, असं मुक्ता रडत म्हणत होती. त्यांच्याच लोकांना तो नकोय. मग आपल्याला बोल कशाला?

जाताना दारात थांबून मला म्हणाला, "आई, तुम्हाला भारतातून गेलेलं कुणीतरी हवं होतं ना? आमच्याइतकं नक्की दुसरं कुणी गेलेलं नाही."

उद्धटपणा रक्तातच असतो.

२० डिसेंबर

व्याख्यानाचा लेख करून पाठवला, नमुन्याचा भाग गाळून. भावोजींनी मंडळाच्या अंकात घेतला. आज अंधेरीच्या बाळासाहेब वागळ्यांचा फोन. लेख फार आवडला. त्यांचा अनीश डब्लिनलाच आहे, चेरीवूडला, सॉफ्टवेअरमध्ये. मुक्ताचं वय विचारलं. मी सांगितलं. झालेल्या गोष्टीबद्दल भावोजी कुणाला काही बोललेले नाहीत, ज्यांनी पाहिलं तेही विसरतील.

२८ डिसेंबर

सुरमई इथे मिळत नाही, मॅकरल आणला. तव्यावर टाकताच मुक्ता तोंड दाबून वर पळाली. परवाही असंच. सकाळी चहा नको. चेहरा उतरलाय.

माझ्या दोन्ही बहिणींची बाळंतपणं मी काढलीयत. मला कळत नाही असं नाही. पण विचारलं तर उत्तर ऐकावं लागतं. मी खिडकी उघडली आणि मासे डब्यात भरून ठेवले.

१२ जानेवारी २०२१

काल हॉस्पिटलातून घरी आले. नाताळात सगळं उघडलं, सगळे एकमेकांकडे गेले, आणि देशभर वणवा पेटला. मला ताप, मग धाप. मुक्ताचीही चाचणी पॉझिटिव्ह, ती घरात बंद.

पहिल्याच सकाळी छातीचा फोटो काढायला मला खुर्चीवरून नेलं. यंत्रापाशी एक माणूस, निळा झगा, मास्क, तोंडासमोर काचेसारखा पडदा. तो म्हणाला, "आई, हनुवटी वर."

दुसऱ्या कुणालातरी बोलवा, असं म्हणणार होते. पण तेवढा श्वासच नव्हता. त्याने माझे खांदे धरून पुढे केले, हात कमरेवर ठेवायला लावले. सगळ्यांशी करत असेल तसंच, हलक्या हाताने. "श्वास घ्या. धरा. सोडा." मग परत खुर्चीत बसवलं आणि पायांवर ब्लँकेट घातलं.

"मुक्ता कशी आहे? मला तिला फोन करायचा आहे. तिला वेळ हवा होता, म्हणून केला नाही. आता करू का?"

मी त्याच्याकडे पाहिलं. सुरकुतलेले हातमोजे, काचेमागचे डोळे. अगदी आपल्यासारखे.

"ती मजेत आहे," मी म्हटलं. "तिचं लग्न ठरलंय."

"कधी?"

"विमानं सुरू झाली की."

त्याने ब्लँकेटची कड नीट खोचली. म्हणाला, "ग्रँड." आणि माझी खुर्ची स्वतः ढकलत वॉर्डापर्यंत आणून सोडली.

मला खोटं बोलायची सवय नाही. पण हे खोटं म्हणता येणार नाही. स्थळ आहे, बोलणी आहेत. थोडं आधी सांगितलं, एवढंच.

१४ जानेवारी

मुक्ता सारखी फोन बघते. दोनदा मेसेज केला, त्याने वाचला, उत्तर नाही, असं स्वतःच म्हणाली. मी तांदूळ धुवायला घेतले. आज ती खोलीचं दार लावून डॉक्टरबाईशी फोनवर बोलली. बाहेर आली आणि म्हणाली, "गोळ्या देण्याआधी तीन दिवस थांबायला सांगतात. कायदा आहे." कशासाठी, ते मी विचारलं नाही. वरणभात केला. दोन घास खाल्ले.

१९ जानेवारी

मुक्ता कालपासून अंथरुणात आहे. पोटाशी गरम पिशवी. मी ओव्याचं पाणी दिलं, बाथरूमचं दार सतत उघडझाप होत होतं. एकदा आतून इतका वेळ आवाज आला नाही की मी दार वाजवलं. "जा, आई," म्हणाली.

दुपारी पाठीवर हात ठेवला. तिने काढला नाही. लहानपणी तापात अशीच पडायची. आता सगळं मार्गाला लागेल.

बाळासाहेबांना कळवलं, की मुक्ताला कोरोनाचा थोडा अशक्तपणा आहे, पुढच्या महिन्यात मुलांना भेटू द्या.

२२ जानेवारी

सकाळी मुक्ता स्वयंपाकघरात आली. अंगावर शाल, केस विंचरलेले. मी म्हटलं, वा, आज बरं दिसतंय. शिरा केलाय, बस.

ती बसली आणि फोन माझ्यासमोर ठेवला. तिहोमिरचा मेसेज होता. मी चष्मा आणून वाचला. पश्चिम किनाऱ्यावर स्लायगोच्या हॉस्पिटलात नोकरी घेतली आहे, कालच इथे आलो. तुझे मेसेज वाचले होते, उत्तर द्यायची हिंमत झाली नाही. आईंकडून लग्नाचं कळलं. सुखी राहा. आणि खाली त्यांच्या भाषेत काहीतरी, ते मला वाचता आलं नाही.

मी शिरा ताटलीत काढत राहिले.

"आठ आठवडे झाले होते," मुक्ता म्हणाली. "त्याला सांगायला मेसेज केला होता. तो आला असता तर मी ठेवणार होते."

मी म्हटलं, खा, गार होईल.

"आई, माझं लग्न कोणाशी ठरलंय?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. खरोखरच विचारत होती, आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती. खोटं बोलायची मला सवय नाही.

मी अनीशचं नाव सांगितलं.